‘समान’ की ‘सामाईक’? हवामान न्यायातला एक शब्द

(नागपूरच्या वेगवेगळ्या वस्त्यांतले लोक बोलताहेत, प्रत्येकाला त्याच्या वस्तीचं नाव. ‘हवामान न्याय’ म्हणजे हवामान बदलाचं ओझं देशादेशांत न्यायाने वाटणं.)

धरमपेठहून प्रश्न: १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक करारातलं मुख्य तत्त्व मराठीत ‘समान पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्या’ असं लिहिलेलं दिसतं. समान असतील तर वेगवेगळ्या कशा?

महाल: चूक ‘समान’मध्ये आहे. मूळ कल्पना ‘सगळ्यांची मिळून’ अशी आहे, ‘सारखीच’ अशी नाही. त्यासाठी आपल्याकडे ‘सामाईक’ हा पक्का शब्द आहे. सामाईक भिंत, सामाईक खातं, सामाईक विहीर. सातबाऱ्यावर ‘इतर हक्कात’ विहिरीचा हिस्सा लिहितात: एकाचा आठ आणे, दोघांचा चार-चार आणे. विहीर एकच, पण पाण्याची पाळी हिश्श्याप्रमाणे आणि गाळ काढायचा खर्चही त्याच हिश्श्याने. ‘सामायिक’ असंही लिहितात, पण जैन लोक अठ्ठेचाळीस मिनिटांच्या साधनेला तेच म्हणतात, म्हणून ‘सामाईक’ बरं.

इंदोरा: ‘सामाईक’ मान्य. विहिरीचा दाखला मात्र अर्ध्यावर थांबतो. विहिरीत हिस्सा हा हक्क असतो. करारात प्रश्न आजवर कोणी किती उपसलं, म्हणजे धूर सोडून हवामान किती बिघडवलं, याचा आहे. शिवाय त्याच कलमात, ३(१) मध्ये, जबाबदारीला जोडून क्षमताही आहे. कोणी किती बिघडवलं आणि कोणाला किती झेपेल ही दोन मापं आहेत. भाषांतरात दुसरं बहुधा गळतं, आणि नुकसान गरीब देशांचं होतं.

‘वेगवेगळ्या’ही बदला. त्यातून प्रकार वेगळे असं वाटतं, प्रमाण कळत नाही. ‘सामाईक पण कमीअधिक जबाबदाऱ्या, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे’ असं म्हटलं की शेतकऱ्यालाही कळेल.

धरमपेठ: मग ‘समान’ कुठे वापरायचा?

इंदोरा: दर्जा आणि हक्क यांच्या बाबतीत. संविधानाच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, तिथे तोच शब्द हवा. ओझं वाटताना ‘समन्यायी’ म्हणा. पाणीवाटपाच्या वादांमुळे तो महाराष्ट्रात रुळलेला आहे. फरक आकड्यात बघा. विजेची कपात प्रत्येक घराला समान, २५ युनिट. महिन्याला ५०० युनिट जाळणाऱ्या एसीवाल्या घराचे ५ टक्के गेले. टिनाच्या खोलीत पंखा आणि दिव्यावर ५० युनिट वापरणाऱ्याची निम्मी वीज गेली, तीही नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. कपात समान आहे, समन्यायी नाही.

कोराडी रोड: ‘हवामान न्याय’ की ‘जलवायू न्याय’?

महाल: ‘जलवायू’ हिंदीतून येतो, नागपुरात तर फारच सहज. मराठीत ‘हवामान’. राज्याच्या खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आहे, तेही चालेल, पण एका लेखात एकच ठेवा. अडचण अशी की ‘हवामान’ उद्याच्या पावसालाही म्हणतात आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘दीर्घकालीन हवामान’ लिहावं.

कोराडी रोड: आणि ‘फ्लाय अ‍ॅश’ला, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेला, ‘उडती राख’ लिहू नका, इकडे ‘राखड’ म्हणतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला, तेव्हा शेतांत राखडीचा गाळ शिरला. वीज राज्यभर जाते, राखड इथेच राहते. ‘कमीअधिक’ला याहून जवळचं उदाहरण नागपुरात नाही.

धरमपेठ: तर वाक्य असं ठेवतो: ‘हवामान सांभाळणं ही सर्व देशांची सामाईक पण कमीअधिक जबाबदारी आहे, ज्याने जितकं बिघडवलं आणि ज्याची जितकी कुवत आहे त्याप्रमाणे.’

इंदोरा: ‘बिघडवलं’च ठेवा. ‘योगदान दिलं’ लिहिलंत तर देणगी दिल्यासारखं वाटेल.