जुन्या आरशात फिल्म कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो, फोकस कुठे ठेवू?

फोंड्याची_पोर
आमच्या जुन्या घरात आजीचं आरशाचं कपाट आहे, दमट हवेने आरशाला कडेने काळे डाग पडलेत आणि मला ते डागच जास्त आवडतात. चवथीनंतर कपाट हलवणार, त्याआधी त्यात माझा एक नीट फोटो हवाय. काकांचा पेंटॅक्स के१००० आहे, ५० एमएम लेन्स, ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. डागही शार्प हवेत, चेहराही. फोकस आरशावर करू की स्वतःवर? आणि तोंड कॅमेऱ्यामागे लपायला नको.

डिचोलीकर
आरशासमोर तू १ मीटरवर असलीस तर लेन्सच्या हिशेबाने आरसा १ मीटरवर पण तुझा चेहरा (आरशापर्यंत आणि परत) २ मीटरवर. इतक्या जवळून एफ १६ लाही, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं तरी, दोन्ही शार्प येत नाही गो. मागे सरक, २ मीटरवर उभी राहा आणि लेन्सवरचे आकडे बघून फोकस साधारण २.७ मीटरवर ठेव, व्ह्यूफाइंडरमधे दोन्ही थोडं ब्लर दिसेल पण त्यावर जाऊ नको, एफ ११ ला जेमतेम बसतं, एफ १६ ला आरामात.

मांडवीकाठ
पण पावसाळ्यात घरात एफ ११ म्हणजे शटर १/८ सेकंद वगैरे, हातात धरून जमणार नाही. ट्रायपॉड घेच. के१००० ला सेल्फ टायमर नसतो पण शटरच्या बटणात केबल रिलीज (लांबून बटण दाबायची वायर) बसते, म्हणजे कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवून तू मागे मोकळ्या तोंडाने उभी राहू शकतेस. उजेड आरशावर नको, तुझ्या तोंडावर पाडायचा, हे बरेच जण विसरतात. फ्लॅश अजिबात नको. पाठीमागे खिडकी येत असेल तर कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर फसतं आणि चेहरा काळा पडतो, म्हणून त्याच उजेडात तळहातावर रीडिंग घे आणि एक स्टॉप वाढव, म्हणजे फिल्मवर दुप्पट उजेड पडू दे.

फोंड्याची_पोर
खोलीचं दार राजांगणात (घरातल्या मधल्या मोकळ्या चौकात) उघडतं, उजेड तिथूनच घेते! कॅमेऱ्यावरचं नाव उलटं येईल ना?

डिचोलीकर
येईल. स्कॅनमधे फ्लिप करता येतं, पण मी म्हणेन तसंच ठेव, आपला चेहरा आपण आयुष्यभर तसाच बघतो. व्हिव्हियन मायर या अमेरिकन फोटोग्राफरने रोलायफ्लेक्स कॅमेरा घेऊन आरशात, दुकानांच्या काचांत स्वतःचे कितीतरी फोटो काढलेत, ते आधी बघ. आणि काकांची लेन्स टॉर्च मारून तपास, आपल्याकडे पावसात बुरशी लागतेच.