मामाला सांगायचं का नाही? अंगावरचे फोड आणि पुढचा लिम्फोमा

शाहूपुरीकर:
माझा मामा पन्हाळ्याच्या बाजूला गुऱ्हाळावर गुळव्या आहे. चार वर्षं झाली, हातावर मांडीवर लाल फोड येतात, मधी काळी खपली धरते, महिना-दीड महिन्यात आपोआप जातात आणि परत दुसरीकडं नवीन उठतात. आम्हाला वाटायचं काहिलीतला रस उडतोय. आता बायोप्सीत लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस नावाचा कातडीचा आजार निघालाय. डॉक्टर म्हणाले ह्या फोडांनी जिवाला धोका नाही, पण 100 तल्या 10 ते 20 जणांना आधी, सोबत नाहीतर कितीतरी वर्षांनी दुसरा लिम्फोमा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर होतो, मायकोसिस फंगॉइडिस, हॉजकिन असले. मामी म्हणते एवढं त्याला सांगायचं नाही. माझं मत, सांगायलाच पाहिजे.

बिंदूचौक:
अजिबात नको भावा. 100 तल्या 80 जणांना काहीच होत नाही मग कशाला घोर लावायचा? आमच्या वडिलांना कॅन्सर हा शब्द कानावर पडला आणि जेवणावरची वासनाच उडाली, गाठ साधी निघाली तरी माणूस सावरायला वर्ष गेलं. औषध द्या, सहा महिन्याला दाखवून आणा, बास.

कळंबा_72:
औषधानं भागत नाही ना पण. मेथोट्रेक्सेट कमी डोसात दिलं की फोड आटोक्यात येतात, पुढच्या लिम्फोमाचा धोका त्यानं कमी होत नाही. म्हणजे हातात राहतं ते लक्ष ठेवणं. काखेत जांघेत गाठ आली, किंवा एखादा फोड वाढतच चाललाय आणि जात नाही, हे आधी कुणाला कळणार? आंघोळ करताना त्यालाच की.

बिंदूचौक:
लक्ष ठेव म्हणून सांगा की, कॅन्सरचं नाव कशाला?

नऊवर्षं:
मला स्वतःला हाच आजार आहे म्हणून लिहितोय. घरच्यांनी असंच लपवलं होतं. यष्टी स्टँडवर बसून रिपोर्टवरचं सीडी30 (पेशींवरची एक खूण, काही लिम्फोमातही दिसते) मोबाईलवर शोधलं, हात थरथरायला लागले, शेजारी बोलायला कोण नाही. 1968 मध्ये मॅकॉले नावाच्या डॉक्टरांनी ह्या आजाराला नाव दिलं तेव्हाच लिहिलं होतं की मायक्रोस्कोपखाली कॅन्सरसारखं दिसतं पण पेशंट चांगला असतो. एवढं एक वाक्य कुणी समोर बसून सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती.

बिंदूचौक:
हे पटलं. पण टक्के सांगू नका, माणूस आकडाच धरून बसतो.

शाहूपुरीकर:
आकडा त्यानं विचारला तर सांगणार, खोटं बोलणार नाही. रविवारी आधण उतरलं की जातो, मामीला पण शेजारी बसवतो.