चार्ट.जेएसचा टाइम अक्ष: पारा रात्री साडेआठला चढतोय, संत्र्याचे बार काडीएवढे झालेत

सीताबर्डी_फ्रंटएंड:
नमस्कार मंडळी. एकाच पानावर दोन आलेख आहेत. आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी चार्ट.जेएस ४ आणि तिला तारखा वाचून देणाऱ्या लक्सॉनचा अ‍ॅडॅप्टर वापरतोय.

पहिला आलेख नवतप्याच्या ९ दिवसांचा, म्हणजे २५ मे ते २ जून. गच्चीवरचा सेन्सर दर मिनिटाला तापमान पाठवतो, वेळेचा साचा '२०२५-०५-२५टी१५:००:००झेड' असा. आलेखात कमाल तापमान रात्री साडेआठला दिसतंय. दर ६ तासांनी टिक (अक्षावरच्या खुणा) मागितले तर ५, ११, १७, २३ असे आकडे येतात आणि मध्यरात्र कुठेच दिसत नाही. शिवाय एका दिवशी सेन्सर ९ तास बंद होता, तिथे सरळ तिरपी रेघ ओढली गेली आहे.

दुसरा आलेख नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या रोजच्या आवकेचा, बार चार्ट. जुन्या सीएसव्ही फायलीत तारीख '२०२५-११-०३' अशी आहे आणि ती मी न्यू डेट() (जावास्क्रिप्टचं तारीख बनवणारं फंक्शन) मधून काढतो. नवीन एपीआय (सर्व्हरवरून थेट डेटा देणारी सोय) '२०२५-११-०३टी००:००:००' देतो, तेही न्यू डेट() मधूनच जातं. ३ नोव्हेंबर दोन्हीकडे आहे. दोन्ही एकत्र केले की सगळेच बार काडीएवढे बारीक होतात.

महिन्यांची नावं मराठीत हवी आहेत, तेही सांगा.

महाल_जावास्क्रिप्ट:
भाऊ, अक्षाला हात लावण्याआधी तारखा तपासा. तुमच्या तक्रारींपैकी तीन तिथूनच आल्या आहेत.

बारपासून सांगतो. जावास्क्रिप्टच्या नियमाप्रमाणे नुसती तारीख असलेली आयएसओ स्ट्रिंग ('वर्ष-महिना-दिवस' साच्यातला मजकूर) यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) धरली जाते. तारखेसोबत वेळ असेल पण झोन नसेल, तर ती ब्राउझरच्या स्थानिक वेळेत वाचली जाते. म्हणून सीएसव्हीतला ३ नोव्हेंबर पहाटे ५:३० ला बसला आणि एपीआयमधला मध्यरात्री १२ ला. चार्ट.जेएस बारची रुंदी ठरवताना अख्ख्या अक्षावर शेजारच्या दोन नोंदींमधलं सर्वात लहान अंतर धरतं. तुमच्याकडे ते २४ तासांऐवजी साडेपाच तास झालं, म्हणून प्रत्येक बारला चौथाईपेक्षाही कमी जागा मिळाली. अशी जोडी अख्ख्या हंगामात एकच असली तरी सगळे बार बारीक होतात.

उपाय: न्यू डेट() काढून टाका आणि स्ट्रिंग जशीच्या तशी अक्षाला द्या. लक्सॉन नुसती तारीखही दिलेल्या झोनच्या मध्यरात्रीच वाचतो. झोन असा द्या: स्केल्स.एक्स.अ‍ॅडॅप्टर्स.डेट.झोन = 'एशिया/कोलकाता'. हे नाही दिलं तर अमेरिकेतून पान उघडणाऱ्याला तापमानाच्या आलेखात वेगळीच वेळ दिसेल. डेट-एफएनएस या दुसऱ्या तारीख-लायब्ररीच्या अ‍ॅडॅप्टरला झोनचा हा पर्याय नाही, त्यामुळे लक्सॉन घेतलात ते बरं केलंत. आणि ३ नोव्हेंबर दोन्ही फायलींत असेल तर एक नोंद गाळा, नाहीतर एकाच जागी दोन बार एकमेकांवर बसतील.

आता तापमान. नागपुरात मे महिन्यात पारा दुपारी तीनच्या आसपास सर्वात वर असतो. आलेखात तो साडेआठला आहे, म्हणजे फरक बरोबर साडेपाच तासांचा. सेन्सर भारतीय वेळ पाठवतोय आणि शेवटी 'झेड' लावतोय. 'झेड' म्हणजे यूटीसी, म्हणून ब्राउझर आणखी ५:३० मिळवतो. दुरुस्ती सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये किंवा डेटा साठवताना करा: 'झेड'च्या जागी '+०५:३०'. आलेखाच्या कोडमध्ये १,९८,००,००० मिलिसेकंद वजा करू नका. पुढे कोणी सेन्सर दुरुस्त केला की आलेख उलट्या बाजूला साडेपाच तास सरकेल आणि कारण सापडायला दिवस जाईल.

खामला_डेटा:
वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. टिकांचं मी सांगतो.

युनिट (टिकांचं एकक) 'अवर' आणि स्टेपसाइझ (दोन टिकांमधलं अंतर) ६ दिलं की चार्ट.जेएस अक्षाच्या किमान वेळेचा तास धरतं आणि तिथून सहा-सहा तास पुढे जातं. तुमचा पहिला बिंदू 'झेड'मुळे ५:३० ला आला, म्हणून ५, ११, १७, २३. वेळ दुरुस्त केल्यावर आज हे आपोआप सुटेल, पण 'शेवटचे ४८ तास' असा सरकता आलेख केलात की पुन्हा येईल. म्हणून स्केल्स.एक्स.मिन कायम त्या दिवसाच्या मध्यरात्रीवर ठेवा. आवृत्ती ४ मध्ये स्टेपसाइझची जागा बदलली आहे: आता टिक्स.स्टेपसाइझ. जुन्या जागी, टाइमखाली, लिहिलं तर एररही येत नाही आणि परिणामही होत नाही.

मग टिक्स.मेजर.इनेबल्ड = ट्रू करा. युनिट तास असलं की मेजर युनिट (मुख्य टिकांचं एकक) दिवस होतं: मध्यरात्रीच्या टिकवर तारीख येते आणि बाकींवर तास. डिस्प्लेफॉरमॅट्समध्ये अवरसाठी 'एचएच:एमएम' (पहिली दोन मोठी अक्षरं, पुढची दोन लहान) आणि डेसाठी 'डी एलएलएल' (डी लहान, एल मोठे). टिक्स.फॉन्टला फंक्शन देऊन टिक मेजर असेल तर अक्षर ठळक करा. मध्यरात्र एका नजरेत सापडते, या आलेखात ते फार मोलाचं आहे.

मराठीसाठी झोनच्या शेजारीच लोकेल (भाषेची निवड) 'एमआर' द्या. महिनेही मराठीत येतात आणि आकडे देवनागरीत. आकडे इंग्रजी हवे असतील तर त्याच ठिकाणी नंबरिंगसिस्टम 'लॅटन'.

सेन्सर बंद होता त्या जागेसाठी डेटासेटवर स्पॅनगॅप्सला मिलिसेकंदांत आकडा द्या. त्याहून मोठं अंतर असेल तिथे रेघ तुटते.

सीताबर्डी_फ्रंटएंड:
खूप आभार. 'झेड' बदलला, कमाल तापमान दुपारी तीनच्या जवळ आलं, बारही जाड झाले. स्पॅनगॅप्स ५ मिनिटं ठेवलं तेव्हा ठीक होतं. नंतर वेग वाढावा म्हणून डेसिमेशन (बिंदू गाळून कमी करणं) सुरू केलं, तर रेघ जागोजागी तुटली. शिवाय बाजार बंद असतो ते दिवस आवकेच्या आलेखातून काढायला टाइमऐवजी टाइमसिरीज घेऊ का?

खामला_डेटा:
९ दिवसांचे १२,९६० बिंदू, रुंदी समजा ९०० पिक्सेल. म्हणजे एका पिक्सेलमध्ये १४ मिनिटांपेक्षा थोडे जास्त. डेसिमेशन त्यातले मोजकेच बिंदू ठेवतं, त्यांच्यातलं अंतर ५ मिनिटांच्या वर जातं आणि स्पॅनगॅप्सला प्रत्येक ठिकाणी खंड दिसतो. स्पॅनगॅप्स ३० मिनिटं करा, म्हणजे १८,००,०००. नऊ तासांचा खंड तरीही दिसेल. डेसिमेशनचा अल्गोरिदम 'मिन-मॅक्स'च ठेवा, तो किमान-कमाल बिंदू राखतो. 'एलटीटीबी' या दुसऱ्या अल्गोरिदममध्ये रेघेचा आकार छान राहतो, पण कमाल तापमानाचा नेमका बिंदू राहीलच याची खात्री नसते, आणि नवतप्यात लोक तोच आकडा बघायला येतात. पार्सिंग फॉल्स (डेटा चार्टने पुन्हा वाचून न काढणं) आणि वेळा मिलिसेकंदांत असतील तरच डेसिमेशन चालतं, तेवढं जपा.

महाल_जावास्क्रिप्ट:
टाइमसिरीज घेऊ नका. ती बिंदू समान अंतरावर मांडते. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. टाइमसिरीजमध्ये डिसेंबरच्या शेवटच्या बारला फेब्रुवारीचा बार खेटून बसेल आणि आवक अखंड चालू होती असं वाटेल. बंद दिवसाची मोकळी जागा ही खरी माहिती आहे, राहू द्या.

अजून एक: कोणी '०५-०६-२०२५' अशी फाइल दिली तर क्रोम न्यू डेट() मध्ये तिला ६ मे समजतो. १२ तारखेपर्यंत दिवस-महिना गुपचूप उलटतात, १३ पासून 'इनव्हॅलिड डेट' येतं. अशा फायलीसाठी टाइम.पार्सर (तारीख वाचायचा साचा) 'डीडी-एमएम-वायवायवायवाय' द्या, लक्सॉनच्या पद्धतीने: डी आणि वाय लहान, एम मोठे. मात्र तो अख्ख्या अक्षाला लागू होतो, म्हणून आयएसओ तारखा त्याच अक्षावर मिसळू नका.

सीताबर्डी_फ्रंटएंड:
दोन्ही केलं, नीट चाललं. मोबाइलवर टिक तिरपे होत होते, मॅक्सरोटेशन ० आणि ऑटोस्किपपॅडिंग १२ दिल्यावर सरळ झाले. मध्यरात्रीचा टिक राहतो, मधले गळतात.