स्प्रिंगच्या एअर रायफलला बाहेरून घेतलेला ट्रिगर बसवावा का?

प्रश्न : मानेवाडा_रोड

नमस्कार. माझी मुलगी नववीत असून नागपुरातील एका खासगी रेंजवर १० मीटर ओपन साइट (भिंग वा दुर्बीण नसलेल्या, उघड्या माशीच्या) एअर रायफलचा सराव करते. आमची रायफल ४.५ मिलिमीटरची, स्प्रिंग-पिस्टन प्रकारची, परदेशी बनावटीची आहे आणि ती आम्ही एका परिचितांकडून घेतली. हुकाच्या वजनकाट्याने मोजल्यास तिचा ट्रिगर सुमारे २.२ किलोला सुटतो, आणि ओढीचा पहिला, सैल टप्पा कोठे संपून दुसरा, गोळी सुटण्याचा टप्पा कोठे सुरू होतो हे बोटाला कळतच नाही. शेजारच्या लेनमधील मुलांच्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलींचे ट्रिगर शंभर-सव्वाशे ग्रॅमला सुटतात, त्यामुळे आपले गुण ट्रिगरपायीच अडले आहेत अशी तिची समजूत झाली आहे.

या रायफलसाठी बाहेर तीन गोष्टी मिळतात असे दिसते : संपूर्ण ट्रिगर युनिट, नुसते धातूचे ब्लेड (बोट टेकते तो भाग), आणि मूळ स्क्रूच्या जागी बसवायचा थोडा लांब स्क्रू, जो सर्वांत स्वस्त आहे. यांपैकी काय घ्यावे, आणि स्पर्धेत ट्रिगरच्या किमान वजनाची काही अट असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : जुना_नेमबाज

नियमाचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत १० मीटर एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही. सेट ट्रिगर, म्हणजे आधी ताणून ठेवला की अगदी हलक्या स्पर्शाने सुटणारा ट्रिगर, मात्र चालत नाही. लोक ५०० ग्रॅमची जी अट सांगतात ती एअर पिस्तुलाची, आणि १५०० ग्रॅमची ३०० मीटर स्टँडर्ड रायफलची. ओपन साइट हा आपल्याकडे राष्ट्रीय नियमांखाली खेळवला जाणारा प्रकार असल्याने ज्या स्पर्धेत उतरायचे तिचे परिपत्रक स्वतंत्रपणे वाचावे.

परंतु नियमाची आडकाठी नाही म्हणून तुमच्या रायफलला शंभर ग्रॅमचा ट्रिगर शोभेल असे नाही. पीसीपी रायफलमध्ये हवा आधीच टाकीत दाबून भरलेली असते. ट्रिगरला केवळ एक लहानसा हातोडा मोकळा करायचा असतो आणि तो जाऊन झडपेवर आदळतो. स्प्रिंगच्या रायफलमध्ये मात्र दाबलेल्या मुख्य स्प्रिंगचा सगळा जोर पिस्टनमार्फत सिअरपर्यंत, म्हणजे पिस्टनला अडवून धरणाऱ्या खाचेच्या तुकड्यापर्यंत, पोहोचतो, आणि त्याची पकड सुटेल तेव्हाच गोळी जाते. चांगले कारखाने या जोरावर मात करण्यासाठी एकापुढे एक तरफा बसवतात. वायराउख या जर्मन कारखान्याच्या ‘रेकॉर्ड’ ट्रिगरचा लौकिक त्याच रचनेमुळे आहे. ज्या रायफलीत अशी रचना मुळातच नाही, तिथे ट्रिगर हलका करण्याचा स्वस्त मार्ग एकच उरतो, तो म्हणजे सिअरची पकड कमी करणे.

तुम्ही उल्लेखिलेला लांब स्क्रू नेमके हेच करतो. तो आत गेला की पहिल्या टप्प्यातच सिअर सरकून जेमतेम काठावर उभा राहतो, आणि दुसरा टप्पा काच फुटावी तसा स्वच्छ वाटू लागतो. दुकानदार त्याच स्वच्छतेची जाहिरात करतात. पण काठावर उभा असलेला सिअर रायफल टेबलावर जराशी आपटली तरी निसटू शकतो, शिवाय धातू झिजत गेला की आज बरोबर बसवलेला स्क्रू काही महिन्यांनी बरोबर राहत नाही. नववीतील मुलीच्या हातातील रायफलीत मी तो कदापि बसवणार नाही.

संपूर्ण युनिट तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेले असेल तर ते तांत्रिकदृष्ट्या उत्तम. तथापि त्याची किंमत, वाहतूक आणि आयात-शुल्क यांची बेरीज करून पाहिल्यास तो पैसा जुन्या पीसीपी मॅच रायफलसाठी बाजूला ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कारण ट्रिगर कितीही सुधारला तरी स्प्रिंगच्या रायफलीचा स्वभाव बदलत नाही : गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्टन धावू लागतो आणि रायफल हातात हलते. मुलीचे काही गुण तिथे जात असणार, आणि त्यावर उपाय हातांची पकड दर वेळी सारखी ठेवणे हाच आहे.

उत्तर : यंत्रशाळा_हिंगणा

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र ब्लेडचा पर्याय त्यांनी चर्चेतच घेतला नाही, आणि मला तोच या प्रकरणातील सर्वांत कामाचा वाटतो.

ब्लेड बदलल्याने सिअरच्या पकडीला हात लागत नाही. बदलते ती बोटाची जागा. प्रौढ माणसाच्या हाताच्या मापाने केलेल्या पिस्तुली मुठीवर चौदा वर्षांच्या मुलीचा हात ठेवला तर तर्जनीचे टोक कसेबसे ट्रिगरपर्यंत पोहोचते, आणि मग बोट सरळ मागे येण्याऐवजी रायफलला बाजूला ओढते. ट्रिगर जड असल्याची तक्रार अनेकदा खरे तर या तिरक्या ओढीची असते. तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी ब्लेडवर टेकली पाहिजे आणि बोटाचा उरलेला भाग लाकडाला चिकटता कामा नये. मागे सरकवता येणारे किंवा मुळातच मागे बसणारे ब्लेड मिळाले तर तेवढ्यानेच तिचे निम्मे काम होईल, आणि वजनाचा आकडा तोच राहूनही ट्रिगर हलका भासेल.

एक सूचना मोजमापाविषयी. वजनकाट्याचा हूक ब्लेडवर कोठे लावला यावर आकडा बदलतो, कारण ब्लेड ही तरफच आहे. टोकाशी लावल्यास कमी भरतो, खिळीजवळ लावल्यास जास्त. बोट जिथे टेकते तिथेच हूक लावावा. रिकाम्या स्प्रिंग रायफलीवर हा प्रयोग करू नये, कारण पुढे गोळीचा अडसर नसला की पिस्टन थेट आदळतो आणि सील व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. गोळी भरून, नळी पेलेट ट्रॅपकडे (गोळ्या अडवणाऱ्या पेटीकडे) ठेवून, रेंजवरच मोजावे.

प्रश्नकर्ता : मानेवाडा_रोड

दोघांचेही आभार. मुलीची तर्जनी खरोखरच जेमतेम पोहोचते. आम्ही त्या दृष्टीने कधी पाहिलेच नव्हते. लांब स्क्रूचा विचार सोडून दिला आहे. मूळ ट्रिगर उघडून तेल दिल्यास तो थोडा मऊ होईल का?

उत्तर : जुना_नेमबाज

पातळ तेल देऊ नका. आपल्याकडच्या मे महिन्यात ते पसरत जाते, धूळ धरते आणि पावसाळ्यापर्यंत त्याचा चिकट थर होतो. सिअरच्या घासणाऱ्या पृष्ठांवर मॉलिब्डेनमचे ग्रीस अगदी पुसट लावले तर ओढ गुळगुळीत होते. वजन फारसे कमी होत नाही, पण मधले अडखळणे जाते, आणि दुसरा टप्पा बोटाला कळू लागण्याची शक्यता त्यातूनच आहे. मात्र स्प्रिंगच्या रायफलीचे युनिट घरी उघडू नका. कित्येक मॉडेलांत ट्रिगर काढला की मुख्य स्प्रिंगचा ताण मोकळा होतो, आणि त्यासाठी स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे साधन) असलेला कारागीरच हवा.

ब्लेडच्या बाबतीत यंत्रशाळा यांचे म्हणणे मला पटले. बसवून घेतल्यानंतर सेफ्टी पूर्वीसारखी अडते का, आणि ट्रिगर सोडल्यावर ब्लेड स्वतःहून पुढे येते का, हे कारागिरासमोरच तपासून घ्या.