मागचं चाक पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा बसलं, नुसती ट्यूब बदलू का टायरपण?

मंडळी, मदत हवी आहे. माझी रोज अंबाजोगाई ते रेणापूर ये-जा असते. गाडी जुनी स्प्लेंडर, तारांचं चाक. काल तर रात्री बसलं. पंक्चरची टपरी बंद, गाडी ढकलत दोन किलोमीटर! सदरा पिळून निघाला.

सकाळी पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरली, तर बुडबुडे परत त्याच जागी, व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर. मग मी टायरच्या आतून बोट फिरवलं. बाभळीच्या काट्याचं टोक तसंच रबरात! बाहेरून काहीच दिसत नव्हतं. पक्कडीनं उपटलं. (शेताच्या बांधावरनं गाडी घातली की हे आलंच.)

आता ट्यूबवर तीन ठिगळं आहेत आणि टायरची नक्षी मधोमध गुळगुळीत झालीय. नुसती नवी ट्यूब टाकून याच टायरवर महिनाभर निघेल का? ट्यूबमध्ये ओतायचं ते पंक्चरचं औषध कुणी वापरलंय का? ट्यूबलेसचा सल्ला नको, या चाकात तारांच्या भोकांतनं हवा जाते. आणि डिकी नाही, तर हातपंप नि टायर काढायच्या पट्ट्या तुम्ही गाडीवर कुठं बांधता?