युरोपात राष्ट्रवाद संपलाय म्हणे

गवतीचहा

परवा इथेच एका प्रवासवर्णनात वाचलं, "युरोप राष्ट्रवादाच्या पलीकडे गेलाय, बॉर्डरवर पासपोर्टपण कुणी बघत नाही, झेंडेबिंडे आपल्याकडेच." बारा दिवसांत नऊ देश, बसमधे अंताक्षरी आणि वर हा निष्कर्ष. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला तर तो लेखापेक्षा मोठा व्हायला लागला, म्हणून वेगळा धागा.

मी सहा वर्षं जर्मनीत होतो आणि आता तेवढीच डेन्मार्कमधे झालीयेत. शेजारी देश, ट्रेनने सीमा ओलांडली तर शेतंसुद्धा तशीच दिसतात. पण २०१४ च्या वर्ल्डकपला मी हौसेने बाल्कनीत जर्मन झेंडा लावला, फायनल जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई वर आल्या. अभिनंदन नाही काही नाही, "आता काढाल ना?" एवढंच. काळजीने विचारत होत्या, रागाने नाही. आणि डेन्मार्कमधे पहिल्याच आठवड्यात ऑफिसात एका टेबलावर सगळे छोटे छोटे झेंडे, मला वाटलं राष्ट्रीय सण, तर म्हणे वाढदिवस. केकवर झेंडे, ख्रिसमसच्या झाडावर झेंड्यांच्या माळा, विमानतळावर नातवंडांना घ्यायला आलेल्या आजीच्या हातात झेंडा. १८६४ च्या युद्धात प्रशिया-ऑस्ट्रियाने यांचा जवळजवळ एक तृतीयांश मुलूख नेला, त्यानंतर मोठेपणाची हौस फिटली आणि देशप्रेम घरगुती झालं. झेंडा म्हणजे तोरण. पण म्हणून भोळे समजू नका, २०१९ पासून नागरिकत्व घेताना समारंभात हस्तांदोलन केलंच पाहिजे असा कायदा आहे (धार्मिक कारणाने हात न मिळवणाऱ्या मुस्लिमांसाठी केला, हे सांगायला नको) आणि २०२५ पासून दारातल्या खांबावर बहुतेक परक्या देशांचे झेंडे परवानगीशिवाय लावता येत नाहीत. तोरण आहे, पण कुणाचं ते ठरलेलं आहे.

म्हणजे देश जसा झाला तसा त्याचा राष्ट्रवाद. फ्रान्समधे राज्य आधी होतं, मग शाळेत आणि सैन्यात घालून ब्रेतों, ऑक्सितां अशा वेगळ्याच भाषा बोलणाऱ्यांचे फ्रेंच बनवले. जर्मनीत भाषा आधी, देश १८७१ ला, त्यामुळे १९१३ चा नागरिकत्व कायदा रक्ताच्या नात्यावर, आणि तो पाया २००० सालापर्यंत टिकला. तिथेच जन्मलेली तुर्की कामगारांची पोरं परदेशी, आणि कझाकस्तानातून मोडकंतोडकं जर्मन बोलत आलेला माणूस आजोबा जर्मन म्हणून नागरिक. हे सगळं एका मापाने मोजून "संपला" म्हणायचं?

आठबाराचीलोकल

ते प्रवासवर्णन माझंच. अंताक्षरी नव्हती, हाउझी होती.

आता मुद्दा. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गहून ट्रॅमने ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनीतल्या केलला गेलो. स्ट्रासबुर्गचा तो आल्सास प्रांत १८७१ ते १९४५ मधे चार वेळा इकडचा तिकडे झाला, लाखो माणसं मेली, आणि आज बायका त्याच ट्रॅमने स्वस्त शाम्पू आणायला पलीकडे जातात. याला राष्ट्रवाद संपणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुम्हाला तिथे राहून राहून त्याचं अप्रूप उरलेलं नाही एवढंच.

गवतीचहा

हाउझीबद्दल जाहीर माफी. पण त्याच सीमेवर सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने पुन्हा तपासणी सुरू केलीये, सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर. तुमच्या ग्रुपला कुणी उतरवलं नाही हे तुमचं नशीब.

खवटशेंगदाणा

बेल्जियममधून बोलतोय. सीमा मिटल्या नाहीत हो, आत सरकल्यात. इथल्या लुव्हनचं विद्यापीठ १९६८ ला डच की फ्रेंच या भाषेच्या भांडणावरून फुटलं, फ्रेंचवाल्यांना बाहेर जाऊन नवीन गाव वसवावं लागलं, आणि ग्रंथालयाची वाटणी कशी? विषम नंबरची पुस्तकं एकाला, सम नंबरची दुसऱ्याला. दोन भाऊ वेगळे निघाल्यावर आईच्या पाटल्या एक-एक वाटून घेतात ना, तसं. २०१०-११ मधे ५४१ दिवस सरकार बनलं नाही आणि कुणाचं काही अडलं नाही.

माझ्या बायकोने लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं फ्रेंचचे क्लास लावले होते. ब्रुसेल्सच्या बाहेर एका डचभाषिक गावच्या पालिकेत घराची नोंदणी करायला गेलो, ही आपली छान फ्रेंचमधे बोलतीये, समोरच्या बाईंना शब्द न् शब्द कळतोय (मधेच हसल्या पण) आणि उत्तर मात्र डचमधेच. तीन खेपा. मी मूळचा बेळगावचा, त्यामुळे पाटी कुठल्या भाषेत यावरून काय काय होतं ते दुधाच्या दातांपासून बघितलंय, मला कृपया उपदेश नको. पण निदान आमच्याकडे मारामारी झाली तरी ती मोठ्याने होते, हे लोक नियम दाखवून शांतपणे छळतात.

लाटणं

बाकी राहू दे. धागालेखक, पासपोर्ट कुठला आहे तेवढं सांगा. आम्ही इथे नाशकात बसून टॅक्स भरायचा आणि राष्ट्रवाद कसा असतो ते कोपनहेगनहून शिकायचं.

गवतीचहा

भारतीयच आहे. इथे अर्ज करायलाच साधारण नऊ वर्षं लागतात. आणि धाग्याशी त्याचा संबंध काय?

लाटणं

म्हणजे नऊ झाली की बदलणार. समजलं.

बिनसाखरेचा

मी बदललाय, मला विचारा. जर्मनीने जून २०२४ पासून पाच वर्षांवर आणलं आणि दुहेरी नागरिकत्वालाही परवानगी दिली, पण आपल्या देशाला चालत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट वकिलातीत जाऊन जमा केला. वडील पंधरा दिवस फोनवर आले नाहीत, आई म्हणायची "झोपलेत", दुपारी चारलाही झोपलेत आणि रात्री आठलाही झोपलेत. आता ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे, म्हणजे जावयासारखं, पाहुणचार सगळा पण शेतजमीन नावावर घेता येत नाही आणि मत देता येत नाही.

आणि धाग्याशी संबंध आहे बरं का. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न, १७ आले की पास, त्यात देशप्रेमाचं काही नाही, न्यायालय कशाला, पोस्टाने मतदान कसं वगैरे. सही कशावर, तर राज्यघटनेच्या लोकशाही चौकटीवर निष्ठा आणि नाझी राजवटीमुळे आलेली ऐतिहासिक जबाबदारी, ज्यूंच्या जीविताचं रक्षण. माझे आजोबा तेव्हा सांगलीत हळदीची पोती उचलत होते. क्षणभर हसू आलं, मग नाही आलं, कारण कर्ज असलेल्या घरात दत्तक गेलं तर कर्जपण आपलंच होतं. मला ते फ्रान्सपेक्षा प्रामाणिक वाटलं. तिकडे जनगणनेत वंशाचा रकानाच नाही, सगळे फ्रेंच. आणि लियोंमधे जन्मलेल्या माझ्या भाचीला तिची बाई विचारते, "हो, पण खरी कुठली?"

लाटणं

वा. वडील बोलत नाहीत ते किस्सा म्हणून सांगताय.

खवटशेंगदाणा

लाटणं, तुम्ही सकाळपासून एकतरी वाक्य विषयावर लिहिलंय का? दुसऱ्याच्या बापाच्या दुःखावर पोळी भाजू नका.

लाटणं

खवट नाव घेतलं म्हणून खवट बोललंच पाहिजे असं नाही. माझा धाकटा भाऊ २०११ ला परदेशी गेला, आईच्या वर्षश्राद्धाला व्हिडिओ कॉलवर होता. तुमच्या त्या राज्यघटना आणि केकावरचे झेंडे माझ्या घरात असे येतात. बास.

पंचगंगाकाठ

भांडणात मधे पडत नाही, पण पोलंडचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. आमच्या पणजोबांचं शेत कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते ४८ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजाराच्या आसपास माणसं, बहुतेक बायका-पोरं, स्टॅलिनने सैबेरियात नेलेली आणि मग इराणमार्गे इकडे आलेली. आजी दुधाची किटली घेऊन जायची. ती सांगायची, त्यांची स्वतःची शाळा, चर्च, स्काउट, सगळं पोलिशमधे, बराकीसमोर फुलझाडं. देश हातात नाही, घरदार नाही, पण पोरं भूगोल पोलंडचा शिकतायत, आणि तोही कोल्हापूरच्या उन्हात. १७९५ ते १९१८ तो देश नकाशावरच नव्हता, राष्ट्रगीताची सुरुवातच "पोलंड अजून मेलेला नाही" अशी. अशा माणसाला झेंडा खाली ठेव म्हणून कसं सांगणार? जर्मन माणसाला झेंड्याची भीती वाटते ती त्याने तो दुसऱ्यांच्या घरांवर लावला म्हणून, पोलिश माणसाला प्रेम वाटतं ते त्याचाच उतरवला म्हणून.

बिनसाखरेचा

सुंदर. आणि त्यातले बरेच नंतर परत गेले नाहीत ना, तिकडे कम्युनिस्ट आले होते. इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेले. पासपोर्ट बदलूनच. लाटणंताई, त्यांना काय म्हणायचं?

लाटणं

ताई नाही, दादा. त्यांची मजबुरी, तुमची हौस.

बिनसाखरेचा

हौस नाही, दर वेळच्या व्हिसाच्या रांगा. पण मजबुरी नव्हती हे खरंय. मानलं.

गवतीचहा

धागा पासपोर्टवर गेला तो गेलाच. पंचगंगाकाठ, आजीच्या आठवणींवर वेगळा धागा काढा, हात जोडून विनंती. लोकल, ट्रॅमचा मुद्दा मला वाटलं त्यापेक्षा बरा होता, रात्रभर डोक्यात होता. शाम्पू आणायला जातात म्हणजे प्रेम झालं असं नाही, पण बंदूक घेऊन जात नाहीत हे कबूल.

आठबाराचीलोकल

एवढं कबूल केलंत हेच खूप. मीपण मूळ लेखात बदल केलाय. "राष्ट्रवाद संपलाय" च्या जागी "बसच्या खिडकीतून दिसला नाही". हाउझीचा उल्लेख मात्र मुद्दाम वाढवलाय.