ऑक्टोपस हा शब्द आपल्या 'अष्टपाद'वरूनच गेलाय ना?

फोंड्याचा बाबा:
मुलगी सातवीत आहे, तिला ऑक्टोपसचा अर्थ लिहून आणायचा होता. मी सांगितलं, अष्ट म्हणजे ऑक्टो, पाद म्हणजे पस, संस्कृत शब्द ग्रीसला गेला आणि तिथून इंग्रजीत. ऑफिसात एकजण म्हणाला असं काही नाही, चुकीचं शिकवू नकोस. पण दोन्ही तुकडे अर्थासकट इतके जुळतात हा योगायोग कसा असेल? माझं मत पक्कं आहे, शब्द आपलाच. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्या.

डिचोली मास्तर:
योगायोग नाहीच, पण उसनवारीही नाही. ग्रीकमध्ये ओक्तो म्हणजे आठ, पूस म्हणजे पाय. या पूसचं षष्ठीचं रूप पोदोस, म्हणजे आपल्या पादातला द तिथे दिसतो, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडमध्येही तोच आहे. लॅटिनमध्ये ओक्तो आणि पेस-पेदिस, इंग्रजीत एट आणि फूट. आता बघा, पितृचं फादर आणि पादचं फूट, प चा फ दोन्हीकडे सारखाच झालाय. उसना शब्द एखाददुसरा येतो, आकडे, नाती, शरीराचे अवयव सगळेच ठरलेल्या नियमाने जुळतात तेव्हा त्या भाषा बहिणी असतात. संस्कृत ग्रीकची आई नव्हे, थोरली बहीण म्हणा हवं तर.

फोंड्याचा बाबा:
सर, मग सास्सेत्तीचं काय? फिलिप्पो सास्सेत्ती, फ्लॉरेन्सचा व्यापारी, आपल्या गोव्यातच 1588 ला वारला. त्याने 1585 च्या सुमारास पत्रात लिहिलंय की संस्कृतचे सप्त, अष्ट, नव आणि इटालियनचे सेत्ते, ओत्तो, नोव्हे सारखे आहेत, देव आणि दिओ, सर्प आणि सेर्पेसुद्धा. बाहेरून आलेल्या माणसाला हे दिसलं आणि आपण मात्र श्रेय घ्यायला घाबरतो याचं मला वाईट वाटतं.

डिचोली मास्तर:
श्रेय घ्या की, पण जे आहे त्याचं घ्या. सास्सेत्तीने सारखेपणा टिपला. त्याच्याही आधी 1583 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांनी पुढे मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, त्यांनी गोव्यातून भावाला पत्र लिहून इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं कळवलं होतं. इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स कलकत्त्यात हे बोलले ते 1786 ला, म्हणजे दोनशे वर्षांनी! आणि तेही म्हणाले की या भाषा एकाच मूळ भाषेतून आल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेलीही नाही. गोव्याचा खरा मान यात आहे, मुलीला हे सांगा.
शिवाय जुने ग्रीक या प्राण्याला सहसा पोलिपूस म्हणत, म्हणजे पुष्कळ पायांचा. त्याचंच लॅटिन पोलिपुस आणि त्यावरून पोर्तुगीज पोल्वु. नाकात वाढतो तो पॉलिपही तिथलाच. ऑक्टोपस हे नाव शास्त्रात रुजलं ते प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या 1758 च्या ग्रंथानंतर. आपल्याकडून नाव गेलं असतं तर ग्रीकांनी ते सोडून दुसरंच कशाला वापरलं असतं? आणि संस्कृत कोशात अष्टपाद काढून बघा, कोळी सापडेल, नाहीतर शरभ, म्हणजे पुराणातला आठ पायांचा काल्पनिक प्राणी. समुद्रातला प्राणी नाही.

बेतीची सून:
कोळी वरून आठवलं, मराठीत जाळं विणणारा तो कोळी आणि जाळं टाकणारा तोही कोळी, किती छान आहे हे. पण मला मुळात पादच मान्य नाही. आमच्या घरात रोज माणकी (स्क्विड) साफ होते, तिला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा, म्हणजे दहा. ऑक्टोपसला त्या सोंडा नसतात, फक्त आठ, आणि ते हातच, पकडतो त्यांनी, चाचपतो त्यांनी, शास्त्रवालेही हातच म्हणतात. मग मराठीत करायचंच तर अष्टभुज करा. नाहीतर सरळ ऑक्टोपस म्हणा, बाजारात कोणी अष्टपाद मागत नाही.

साखळीकर:
ताई, बाजारात मागत नाहीत म्हणून शब्द टाकायचा का? अष्टपाद म्हटलं की पोराला न शिकवता अर्थ कळतो, ऑक्टोपस म्हटलं की पाठ करावा लागतो. मराठी शाळेत पोरं कमी का होतात यावर आपण एवढं बोलतो, आणि आयता समजणारा शब्द असून वापरत नाही.

बेतीची सून:
कळतो पण चुकीचा कळतो हो दादा, पोरगं पायच मोजणार. आणि ऑक्टोबर, ऑक्टेव्ह सगळीकडे तोच आठ आहे, एकदा ऑक्टो कळलं की बाकीचे शब्द आपोआप सुटतात, हा फायदा का सोडायचा?

फोंड्याचा बाबा:
मास्तर, उगम बाबतीत तुमचं पटलं, वहीत खोडून 'ग्रीक शब्द, संस्कृत अष्ट-पादचा भाऊबंद' असं लिहायला लावलं आणि खाली स्टीफन्सच्या पत्राची ओळ घातली. पण मी मराठीत अष्टपादच म्हणणार. ताई, ग्रीकांनीही पायच मोजले होते की.

बेतीची सून:
त्यांनी मोजले म्हणून आपणही तेच मोजायचे? एकदा बोटीवर या, जिवंत हातात घ्या, मनगटाला कसा धरतो ते बघा आणि मग पाय म्हणा.